चेंडू कोणाच्या हातून पडला?

सोमवारी रात्री आठला पुण्यात माझा इंग्रजीचा ऑनलाइन तास सुरू होतो, तेव्हा मेक्सिको सिटीत सकाळचे साडेआठ झालेले असतात. पडद्यावर एक बाई असतात, हातात कॉफीचा मग, मागे सोफ्यावर कुत्रं. एका अमेरिकन कंपनीच्या ग्राहकसेवेत त्या काम करतात. इंग्रजी व्याकरणाचे नियम त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. पण त्या दिवशी बाई चांगल्याच तापल्या होत्या. शुक्रवारचा अहवाल पाठवायचा राहिला होता. तसं त्यांनी वरिष्ठांना लगेच कळवलंही होतं: 'द रिपोर्ट वॉज फरगॉटन.' वरून दोनच शब्दांचं उत्तर आलं. 'बाय हूम?'

"मीच विसरले, हे मी लपवलं कुठे?" बाईंचा सवाल.

त्यांनी खरंच काही लपवलं नव्हतं. स्पॅनिशमध्ये हे वाक्य असं होतं: 'से मे ओल्बिदो एल इन्फोर्मे.' शब्द सुटे केले तर अर्थ साधारण असा, की अहवाल आपणहून विसरला गेला आणि तो माझ्या बाबतीत विसरला गेला. त्यातला 'मे' म्हणजे 'मला, माझ्या बाबतीत'. कबुली त्या एवढ्याशा 'मे'मध्ये आहे. इंग्रजीत उतरवताना वाक्याचा सांगाडा तसाच राहिला आणि नेमका 'मे' गळून पडला.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. 'माझ्याकडून राहून गेलं', 'हातून कप पडला', 'विसरायलाच झालं बघ', हे आपण दिवसभर म्हणतो. कप मी पाडला असं कोणी म्हणालं, तर रागाने आपटला की काय, अशी शंका येते. स्पॅनिश कानालाही तसंच. तिथे 'मी विसरले' असं सरळ म्हणायची सोय नाही असं नव्हे. पण चुकून झालेल्या गोष्टीसाठी हा 'से मे' जिभेवर आधी येतो. इंग्रजीत मात्र 'आय ड्रॉप्ड द कप' हेच साधं वाक्य आहे, त्यात रागाचा भाग काही नाही.

या फरकावर केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या दोघींनी केलेला एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना त्यांनी छोट्या चित्रफिती दाखवल्या. एखादा माणूस फुगा फोडतो, अंडं फोडतो, पेय सांडतो. कधी मुद्दाम, कधी चुकून. मुद्दाम केलेल्या कृतीत 'कोणी केलं' हे दोन्ही गटांच्या सारखंच लक्षात राहिलं. चुकून झालेल्या कृतीत मात्र इंग्रजी बोलणाऱ्यांना तो माणूस जास्त चांगला आठवत होता. स्पॅनिश बोलणारे बेजबाबदार, असा याचा अर्थ कोणी काढू नये. चुकून घडलेल्या गोष्टीत ती कोणी केली याकडे त्यांची भाषा तेवढं बोट दाखवत नाही, इतकंच.

मी हे आधी सांगतो, कारण नोकरीतल्या कामांचे आणि जबाबदारीचे इंग्रजी वाक्प्रचार स्पॅनिश भाषकांना शिकवताना यादी पाठ करून घेण्यात काही अर्थ नसतो. मी दोन वर्षं ते करून पाहिलं. यादी पाठ होते आणि बैठकीत ऐनवेळी काहीच आठवत नाही. मग माझ्या लक्षात आलं, की यातल्या बहुतेक वाक्प्रचारांच्या पोटात एकच प्रश्न आहे: वस्तू आत्ता कोणाच्या हातात आहे? तो प्रश्न विचारायची सवय लागली, की निम्मी यादी आपोआप उलगडते.

'ड्रॉप द बॉल' घ्या. सांघिक खेळ चालू आहे, चेंडू माझ्याकडे आला आणि माझ्या हातून सुटला. म्हणजे माझ्यावर सोपवलेलं काम माझ्याकडून राहिलं. यात वाईट हेतू नाही, पण हात कोणाचा ते स्पष्ट आहे. मेक्सिकोच्या बाईंना हवं होतं ते वाक्य हेच: 'आय ड्रॉप्ड द बॉल.' 'द बॉल इज इन युअर कोर्ट' हे टेनिसमधलं. मी माझ्याकडून मारलं, आता पुढची हालचाल तू कर. इथे स्पेनचा माणूस खुलतो, कारण त्याच्याकडेही चेंडू आहे, फक्त तो कौलांवर जाऊन बसलाय. 'ला पेलोता एस्ता एन तु तेखादो', चेंडू तुझ्या छपरावर आहे. गल्लीत खेळलेल्या कोणालाही कळेल, की ज्याच्या छपरावर गेला त्यानेच चढून काढायचा. लॅटिन अमेरिकेत छपराच्या जागी 'कान्चा' म्हणजे मैदान म्हणतात. मेक्सिकोत दोष एकमेकांवर ढकलायला 'बोलिता' म्हणजे चिमुकला चेंडू एकमेकांकडे फेकतात. आपली टोलवाटोलवी ती हीच.

अमेरिकेत टोलवाटोलवीला 'पास द बक' म्हणतात. हा 'बक' म्हणजे डॉलर, असं माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाटतं, आणि मग सगळा अर्थ उलटापालटा होतो. पैसे पुढे सरकवले म्हणजे लाच दिली का, असं मला एकाने विचारलं होतं. हा बक पोकरच्या टेबलावरचा. पत्ते वाटायची पाळी कोणाची हे दाखवायला त्या खेळाडूपुढे एक खूण ठेवत. हरणाच्या शिंगाची मूठ असलेला चाकू त्यासाठी वापरत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. वाटायचं नसेल तर खूण पुढच्याकडे सरकवायची. झालं, पाळी टळली.

हॅरी ट्रुमन राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्या टेबलावर 'द बक स्टॉप्स हिअर' अशी पाटी होती. खूण इथे येऊन थांबते, इथून पुढे सरकवायला जागा नाही. ही पाटी ओक्लाहोमातल्या एल रेनो इथल्या सुधारगृहात तयार झाली होती. ट्रुमन यांचे मित्र फ्रेड कॅनफिल यांनी तिथे तशी एक पाटी पाहिली, मित्रासाठी दुसरी करून मागितली आणि ती ऑक्टोबर 1945 मध्ये टपालाने व्हाइट हाऊसला पोचली. पाटीच्या मागच्या बाजूला, म्हणजे ट्रुमन बसायचे त्या बाजूला, 'मी मिझुरीचा' असं लिहिलेलं होतं; मिझुरी हे त्यांचं राज्य. दोन महिन्यांपूर्वी हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब पडले होते. त्या माणसाच्या टेबलावर ही ओळ कशी वाटत असेल, याचा मी अधूनमधून विचार करतो.

स्पेनमध्ये चाकूबिकू नाही, थेट प्रेत आहे. 'एचार एल मुएर्तो' म्हणजे दुसऱ्याच्या दारात मेलेला माणूस टाकणं, आणि 'कार्गार कोन एल मुएर्तो' म्हणजे ते प्रेत आपल्या खांद्यावर येणं. मध्ययुगात एखाद्या गावाच्या हद्दीत खून झालेला बेवारस माणूस सापडला आणि मारेकरी मिळाला नाही, तर दंड सगळ्या गावाने भरायचा. म्हणून गावकरी रातोरात प्रेत उचलून शेजारच्या गावच्या हद्दीत ठेवून येत, अशी या वाक्प्रचाराची गोष्ट तिकडे सांगतात. अशी अवघड फाइल आपल्या टेबलावर आली, की काय वाटतं ते कोणत्याही कारकुनाला विचारा.

आपल्याकडे अशा वेळी खापर फुटतं किंवा घोंगडं गळ्यात पडतं. स्पेनमध्ये दुसऱ्याच्या चुकीची भरपाई करावी लागली, तर तुम्ही 'बदकाचे पैसे भरता'. नकोसं काम अंगावर आलं, तर 'तपकिरी खाता'. 'कोमेर्से एल मार्रोन' हे खास स्पेनचं, मेक्सिकोत बोललात तर लोक तुमच्या ताटाकडे बघतील. इंग्रजीत ब्रिटिश माणूस 'कॅरी द कॅन' म्हणतो, अमेरिकन 'टेक द फॉल' म्हणतो. आणि सहकाऱ्याने स्वतःला वाचवण्यासाठी तुम्हाला पुढे ढकललं, तर त्याने तुम्हाला 'बसखाली टाकलं'. हे शेवटचं कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता एक वाक्प्रचार असा, जो ऐकून बोगोटाचा एक तरुण विद्यार्थी एकदम हरखला होता. त्याच्या नव्या व्यवस्थापकाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, की तू या प्रकल्पाची 'ओनरशिप' घ्यावीस अशी आमची इच्छा आहे. स्पॅनिशमध्ये मालक म्हणजे 'दुएन्यो'. मालकी म्हणजे मालकीच. त्याने मला विचारलं, "शेअर देणार आहेत का?" शेअर नव्हते. 'टेक ओनरशिप' याचा अर्थ: कोणी सांगायची वाट न बघता काम आपलं समजून शेवटापर्यंत न्यायचं, आणि बिघडलं तर 'ओन इट', माझं चुकलं म्हणून पुढे यायचं. नफा मालकाचा, मालकी तुझी. तो हसला, पण फारसा नाही. यासाठी स्पॅनिशमधला नेमका शब्द आहे 'दार ला कारा', चेहरा देणं. आपल्या 'तोंड देणं' याचा जवळचा भाऊ. मी त्याला म्हटलं, तुझ्या डोक्यातला 'ओनर' पुसून टाक आणि तिथे 'कारा' लिही.

काही शब्द मात्र तिन्ही भाषांत इतके सारखे विचार करतात, की गंमत वाटते. स्पॅनिशमध्ये 'कार्गो' म्हणजे पद, आणि मूळ अर्थ ओझं. 'एन्कार्गादो' म्हणजे दुकानाचा किंवा पाळीचा प्रमुख, ज्याच्यावर ओझं घातलंय तो. इंग्रजी 'इन चार्ज'मधला 'चार्ज' त्याच लॅटिन मुळाचा, गाडी भरण्याशी नातं सांगणारा. आणि आपल्याकडे अधिकारी 'पदभार' स्वीकारतात, एखाद्या खात्याचा 'अतिरिक्त कार्यभार' सांभाळतात, आणि बोलताना सरळ 'चार्ज घेतला' म्हणतात. म्हणून 'इन चार्ज ऑफ' स्पॅनिश भाषकाला एका झटक्यात येतं. अडतं ते 'चार्ज्ड विथ'वर, कारण त्याचा अर्थ 'काम सोपवलं' असाही होतो आणि 'गुन्हा दाखल झाला' असाही.

'रिस्पॉन्सिबल'ची गोष्ट जरा नाजूक आहे. लॅटिनमधल्या 'उत्तर देणं' या क्रियापदावरून तो आला. आपला 'जबाबदार' अरबी-फारसी वाटेने आला, पण त्याच्याही पोटात जबाब म्हणजे उत्तरच आहे. एकमेकांचा संबंध नसताना दोन भाषाकुळांना जबाबदारी म्हणजे उत्तर द्यायची तयारी असं वाटावं, हे मला फार आवडतं. अडचण अशी, की इंग्रजी कार्यालयांनी याचे दोन तुकडे केले आहेत. 'रिस्पॉन्सिबल' म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा, 'अकाउंटेबल' म्हणजे ते झालं की नाही याचं शेवटचं उत्तर देणारा. प्रकल्प व्यवस्थापनात 'रेसी' नावाचा एक तक्ता असतो, त्यात प्रत्येक कामापुढे हे दोघं वेगळे लिहितात. शिवाय सल्ला कोणाचा घ्यायचा आणि कळवायचं कोणाला, तेही. स्पॅनिशमध्ये दोघांनाही 'रेस्पोन्साब्ले'च म्हणतात. मग तक्त्यात एकाच रांगेत दोन 'रेस्पोन्साब्ले' दिसतात आणि दोघंही समजतात की दुसरा करतोय. यावर उपाय म्हणून मी 'रेन्दिर कुएन्तास' वापरायला सांगतो, म्हणजे हिशेब देणं. 'अकाउंटेबल'मध्येही हिशेबच आहे, म्हणून ते डोक्यात राहतं.

आणि काम आपलं नसेल तर? इथे सगळ्यात जास्त माणसं घसरतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

स्पेनमध्ये कोणाचं काम काय हा बऱ्याच अंशी कायद्याचा विषय आहे. तिथला कामगार कायदा आणि क्षेत्रवार सामूहिक करार माणसाचा व्यावसायिक गट ठरवतात. कायद्याच्या 39व्या कलमानुसार मालकाला एखाद्याला खालच्या दर्जाचं काम द्यायचं असेल, तर त्याला तांत्रिक किंवा संघटनात्मक कारण लागतं आणि तेही गरजेपुरत्याच काळासाठी. त्यामुळे 'हे माझ्या फुन्सिओनेसमध्ये', म्हणजे ठरवून दिलेल्या कामांमध्ये, 'नाही' हे वाक्य तिथे उद्धट नाही. ते फक्त करारातलं सत्य आहे. अमेरिकन कार्यालयात हेच वाक्य 'दॅट्स नॉट माय जॉब' होतं आणि समोरच्याच्या कपाळावर आठी पडते. कारण तिथे कामाच्या वर्णनाच्या तळाशी बहुतेक वेळा एक ओळ असते: 'अदर ड्युटीज ॲज असाइन्ड', वेळोवेळी सांगितलेली इतर कामं. ही ओळ म्हणजे तळ नसलेली पिशवी आहे. आपल्या शाळेतल्या शिक्षकांना ती वेगळी समजावून सांगायला नको. निवडणूक, जनगणना, सगळं त्यातच मावतं.

म्हणून अमेरिकन माणूस नकारही आडवळणाने देतो. 'दॅट्स नॉट इन माय व्हीलहाऊस', म्हणजे ते माझ्या हातखंड्याचं काम नाही. व्हीलहाऊस ही जहाजाचं सुकाणू असलेली खोली, आणि बेसबॉलमध्ये फलंदाज जिथे सर्वांत जोरात मारू शकतो तो टप्पा. ब्रिटिश माणूस 'आउटसाइड माय रेमिट' म्हणेल, म्हणजे माझ्या कार्यकक्षेबाहेरचं. आणि 'अबव्ह माय पे ग्रेड' हा तर अडकवणारा सापळा आहे. पे ग्रेड म्हणजे अमेरिकी लष्करात आणि सरकारी नोकरीत असते तशी वेतनश्रेणी. हा निर्णय माझ्या श्रेणीच्या माणसाने घ्यायचा नाही, वरच्याने घ्यायचा, असा त्याचा सूर. 2008 च्या निवडणुकीत बराक ओबामांनी गर्भपातासंबंधीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना हा शब्द वापरला होता आणि त्यावर टीकाही झाली. देशाच्या प्रमुखपदाच्या उमेदवाराने 'माझ्या श्रेणीच्या वरचं' म्हणावं हे अनेकांना खटकलं. माझे विद्यार्थी याचं मनातल्या मनात भाषांतर करतात: 'नो मे पागान पारा एसो', मला त्याचे पैसे मिळत नाहीत. शब्द जवळचे, पण सूर पार उलटा. पहिल्यात नम्रता आहे, निदान तसा आव तरी आहे. दुसऱ्यात भांडण आहे.

एकापेक्षा जास्त कामं करणाऱ्याचं मात्र सगळीकडे कौतुक होतं, पगार वाढत नाही. इंग्रजीत तो 'अनेक टोप्या घालतो'. आपल्याकडे टोपी घालणं म्हणजे फसवणं, हे मला दर वेळी आठवतं. मेक्सिकोत तो 'मिलुसोस', हजार उपयोगांचा माणूस. स्पेनमध्ये 'तोदोतेर्रेनो', कुठल्याही रस्त्यावर चालणारी जीपगाडी.

थाळ्यांचा एक गोंधळ सांगतो. 'आय हॅव अ लॉट ऑन माय प्लेट' यातली थाळी जेवणाची: वाढून ठेवलेलं खूप आहे, आणखी वाढू नका. 'स्टेप अप टू द प्लेट' यातली थाळी बेसबॉलच्या मैदानावरची, जिथे फलंदाज उभा राहतो: पुढे हो, जबाबदारी घे. एकाच बैठकीत दोन्ही वाक्यं आली, की विद्यार्थ्याला वाटतं जेवायला बोलावलंय. 'स्टेप'ची तर अख्खी शिडीच आहे. 'स्टेप इन' म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभं राहणं, 'स्टेप अप' म्हणजे पुढे येणं, 'स्टेप डाऊन' म्हणजे पद सोडणं. स्पॅनिशमध्ये या प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे, म्हणून शेपटीवरून अर्थ बदलतो हे त्यांच्या पचनी पडायला वेळ लागतो. एकाने मदतीच्या भरात 'आय विल स्टेप डाऊन' असं लिहून टाकलं होतं.

बाकी फसवे जुळे शब्द आहेतच. 'कोम्प्रोमिसो' म्हणजे बांधिलकी, पण इंग्रजीत गेला की तडजोड. मुलाखतीत 'माझं कंपनीशी कॉम्प्रोमाइज आहे' म्हटलं तर काय होईल ते बघा. 'एबेन्तुआल' कामगार म्हणजे हंगामी कामगार, इंग्रजी 'इव्हेंच्युअल' म्हणजे मात्र शेवटी होणारा. 'खुबिलासिओन' म्हणजे निवृत्ती, आणि तोच शब्द इंग्रजीत जल्लोष होतो. त्यात मात्र फारसं चुकत नाही असं मला वाटतं.

त्या सोमवारी मी बाईंकडून मेल पुन्हा लिहून घेतला. पहिलं वाक्य: 'आय ड्रॉप्ड द बॉल ऑन फ्रायडेज रिपोर्ट.' दुसरं: दुपारी बारापर्यंत तो तुमच्याकडे येईल. तिसरं काही नाही. त्यांना तिसरं हवं होतं. कारण सांगायचं होतं, मुलाला ताप होता ते सांगायचं होतं. मी म्हटलं, विचारलं तर सांगा. त्यांना ते उघड्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं, पण त्यांनी पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, 'नो वरीज, थँक्स फॉर ओनिंग इट.'

त्यांना मी एवढंही सांगितलं होतं, की इंग्रजीला अंग काढून घेता येत नाही असं समजू नका. इराणला शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर 1987 च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर, जे म्हटलं, त्याचा गाभा तीन शब्दांचा होता: 'मिस्टेक्स वर मेड', चुका झाल्या. कोणाच्या हातून, ते वाक्यात नाही. ट्रुमन यांच्या पाटीनंतर 42 वर्षांनी, त्याच घरातला माणूस.

पुढच्या महिन्यात बाईंनी मला मेक्सिकोहून एक स्क्रीनशॉट पाठवला. कंपनीची नवी संगणक प्रणाली दोन दिवस बंद पडली होती आणि त्यांच्या त्याच वरिष्ठांनी सगळ्या विभागाला पत्र लिहिलं होतं. त्यातली एक ओळ त्यांनी पिवळी केली होती: 'सम टाइमलाइन्स वर मिस्ड.' खाली बाईंनी स्वतःचे दोन शब्द लिहिले होते.

'बाय हूम?'